लाल गाडीची शिट्टी

रेणापूरला माझं ठिबक सिंचनाच्या सामानाचं दुकान आहे, राहायला लातूरला. वीस-बावीस वर्षं गल्ल्यामागे बसून मी येईल त्या शेतकऱ्याला एकच गोष्ट सांगत आलोय: सगळा खेळ दाबाचा आहे. कुठंतरी एक भोक पडलं की शेवटच्या झाडापर्यंत पाणी पोचत नाही. हे मी झोपेतसुद्धा बोलतो असं बायको म्हणते. एवढं ज्ञान गाठीशी असलेला माणूस पुढे काय करून बसला, ते सांगतो. हसायचं असेल तर आत्तापासूनच हसायला घ्या, पुढे सवड मिळेलच असं नाही.

पन्नाशीला लोक गुडघे तपासून घेतात. मी गाडी घेतली. लाल रंगाची, परदेशी बनावटीची, पेट्रोलवर चालणारी, वयानं माझ्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीहून मोठी. लातूरच्या एका डॉक्टरांच्या पत्र्याच्या शेडमध्ये ती उभी होती आणि तिच्या बॉनेटवर मांजर पिल्लांसह नांदत होतं. मी बॉनेट उघडायला सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "हिला टर्बो आहे बरं का." मी मान अशी हलवली, जणू आमच्याकडे टर्बोचं झाडच आहे. टर्बो म्हणजे काय ते मला घरी येऊन मोबाइलवर बघावं लागलं.

आणि बघितल्यावर मी पाघळलोच. इंजिनातून जो धूर वाया जातो त्याच्या जोरावर एक चाक फिरतं. त्याला जोडलेलं दुसरं चाक बाहेरची हवा ओढतं, दाबतं आणि इंजिनात कोंबतं. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त ताकद. वेगळी मोटार नाही, वीज कनेक्शन नाही! सगळी उमर लोडशेडिंगच्या वेळापत्रकावर काढलेल्या माणसाला याहून गोड गोष्ट कुणी सांगितली नव्हती. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला मी ती सांगू लागलो. एक पाहुणे तीन एकरांच्या ठिबकचा हिशेब करून घ्यायला आले आणि टर्बो समजून घेऊन गेले. ठिबक त्यांनी दुसरीकडून घेतलं.

गाडी मात्र दिसण्यापुरतीच टर्बो होती. बायकोचं माहेर कंधारचं. पहिल्या खेपेला आम्ही तिच्या भाचीच्या साखरपुड्याला निघालो, अहमदपूरच्या चढाला गाडी धापा टाकायला लागली, आणि आम्ही पोचलो तेव्हा भांडी घासायला काढली होती. दुसऱ्या खेपेला, धाकट्या मेव्हण्याच्या वास्तुशांतीला, गाडीनं चढावर सरळ मान टाकली. पुढचा रस्ता आम्ही कोथिंबिरीच्या टेम्पोत बसून काढला. पैठणी नेसलेली माझी बायको माहेरच्या दारात उतरली तेव्हा तिच्या अंबाड्यात गजऱ्याखाली कोथिंबीर होती. त्यावर मेव्हण्यानं कढीची चौकशी केली. ते तिनं विसरावं अशी माझी अपेक्षा नव्हती.

मग माघात तिच्या वडिलांचं, आमच्या आबांचं, सहस्रचंद्रदर्शन ठरलं. त्यात आबांची गूळतुला होती: एका पारड्यात आबा, दुसऱ्यात गुळाच्या ढेपा. पहिली ढेप थोरल्या लेकीनं ठेवायची, असं आबांनी स्वतः सांगितलेलं. थोरली लेक म्हणजे माझी बायको.

चहाचा कप माझ्यापुढे ठेवून ती शांतपणे म्हणाली, "सकाळी दहाला गूळतुला हाय. दहाला मी तिथं पाहिजे."

"आहेसच तू."

"तुमच्या गाडीनं जायचं. मुद्दाम तुमच्याच गाडीनं. मी वेळेत पोचले न्हाई, तर दुसऱ्या दिवशी ती गाडी माझ्या दारात दिसायला नको. भंगारात घाला न्हाईतर मांजराला परत करा."

"आणि पोचलीस तर?"

"तर मी पुन्हा एक शब्द बोलणार न्हाई."

तिनं एक शब्द बोलू नये, हे बक्षीस आमच्या संसारात यापूर्वी कधी जाहीर झालं नव्हतं.

मी मोबाइलवरचे व्हिडिओ बघून सात कलमांची यादी केली. मोठा एअर फिल्टर, मोठा सायलेन्सर, मोठा इंटरकूलर, म्हणजे टर्बोनं तापवलेली हवा थंड करणारी जाळी, आणि असंच सगळं मोठं मोठं. यादी खिशात घालून नांदेडला गेलो. तिथं गोदावरीच्या बाजूला एक म्हातारे मिस्त्री आहेत. ट्रकचे टर्बो दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेलीय. मी त्यांना चाचा म्हणतो, सगळं नांदेडच म्हणतं.

चाचांनी चष्मा लावून यादी वाचली. मग चष्मा काढून मला वाचलं.

"शेट, बीमार माणूस तुमच्या घरी आला, तर आधी नाडी बघता का तालमीत धाडता?"

"नाडी."

"हौ. मग हिला तालमीत कशाला धाडून राहिले?"

त्यांनी यादीची घडी करून माझ्या खिशात परत ठेवली आणि इंजिनाचे चारही सिलिंडर एकेक करून दाबाच्या काट्यावर तपासले. चारही सारखे निघाले. "दिल अच्छा हाय," ते म्हणाले. मग बोटभर जाडीची एक रबरी नळी नखानं दाबली, तर तिचा तुकडा पापडासारखा हातात आला. "नसा गेल्या. टर्बो बिचारा हवा दाबतो, नळ्या बाहेर सोडून देतात. जेवढी ताकद कंपनीनं दिली तेवढी तर आधी परत आणू. वाढवायचं नंतर."

काय सांगू, मला एकदम माझंच दुकान आठवलं. हीच गोष्ट मी बावीस वर्षं सांगत होतो, फक्त पाण्याची. चाचांनी खडूनं फरशीवर नळ्यांची मापं काढून दिली. टर्बोची, तेल आणि उष्णता सोसणारी, कापडाचा पदर असलेली नळीच आणायची, हे दोनदा बजावलं. ते नात्यातल्या लग्नाला आठ दिवस हैदराबादला निघाले होते. जाताना म्हणाले, "नळ्या आणून ठेवा. बसवू नक्को. मी आल्यावर बसवतो."

बसवू नक्को, हे मी ऐकलं. लोहा येईपर्यंत ते माझ्या लक्षातही होतं.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं आणि समोर बघतो तर काय, नळ्याच नळ्या! छतापर्यंत काळ्या नळ्यांची भेंडोळी. सोळा मिलिमीटरची, बारा मिलिमीटरची, अगदी बारीक. उन्हातान्हात शेतात वर्षानुवर्षं पडून राहणाऱ्या. ज्या माणसाच्या डोक्यावर नळ्यांचं छप्पर आहे, त्यानं नळ्या विकत आणायला नांदेड गाठायचं? माझ्या धंद्याचा हा अपमान मला सहन होईना. काउंटरखाली उरलेल्या तुकड्यांची टोपली असते. त्यातला हातभर तुकडा घेतला, गाडीला लावून बघितला, माप असं जमलं की डोळ्यांत पाणी आलं. एक तुकडा ओतून काढल्यासारखा बसला म्हणून बाकीच्याही बसवल्या. क्लिपा आवळल्या. हात पुसले. बायकोला फोन करावासा वाटला, पण ती काय म्हणेल हे माहीत होतं.

गाडी बाहेर काढली. लातूरच्या रस्त्याला लागलो, पाय दाबला, आणि बॉनेटखालून आवाज आला: सुईईईई!

मी गाडी बाजूला घेतली आणि हात जोडले. व्हिडिओतल्या गाड्यांचा जो आवाज ऐकून मी रात्रंदिवस तळमळत होतो, तो हाच. टर्बो गात होता! माझं पहिलं मॉडिफिकेशन, माझ्या हातांनी, माझ्या दुकानातल्या मालातून. शिट्टी मोबाइलवर घेतली आणि सासरच्या ग्रुपवर टाकली. मेव्हण्यांनी अंगठे पाठवले. आबांनी लिहिलं, "जावईबापू, गेटावर शिट्टी वाजवतच या." गाडी आधीपेक्षाही मंद झाली होती हे माझ्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. पण नाटकात नायक गात असताना कुणी त्याला धावायला सांगतं का?

कार्यक्रमाला दोन दिवस राहिले तेव्हा चाचा परतले. मी शिट्टी ऐकवायला म्हणून नांदेडला गेलो. ओळखीच्या ज्याला त्याला चढावर मागे टाकायचं स्वप्न होतं, प्रत्यक्षात मला उसाच्या ट्रॅक्टरनं मागे टाकलं. तरी गॅरेजसमोर ऐटीत पाय दाबून शिट्टी वाजवली.

चाचांनी डोळे मिटून ऐकली. "मस्त," म्हणाले. "आता हिचं तोंड कुठं हाय ते बघू."

त्यांनी पत्र्याच्या डब्यात निखाऱ्यावर लोबान टाकला. डब्याला एका बाजूनं कॉम्प्रेसरची अगदी हलकी हवा दिली आणि दुसऱ्या बाजूची नळी गाडीच्या हवेच्या वाटेला जोडली. वाटेत जिथं भोक असेल तिथून धूर येणार, एवढी साधी युक्ती. गॅरेजभर दर्ग्यासारखा वास सुटला. आम्ही दोघं इंजिनावर वाकलो. मी जोडांकडे बघत होतो. जोड पक्के होते. आणि मग माझ्या लाडक्या नळीच्या ऐन मध्यातून, खालच्या अंगानं, धुराची एक सरळ, सुबक, दोरीसारखी रेघ निघाली.

चाचांनी नळी फिरवली. तिला टाचणीएवढी दोन भोकं. फाटलेली नव्हे, कारखान्यात पाडलेली. आत बोटांना एक गाठ लागत होती.

ती गाठ मी ओळखली. माझ्या दुकानातल्या दोन प्रकारच्या नळ्यांपैकी एक कोरी असते, आणि दुसरीच्या पोटात ठरावीक अंतरावर थेंब सोडणारा ड्रीपर बसवलेला असतो. हा फरक मी रोज चार माणसांना समजावून सांगतो.

"शेट," चाचा अगदी हळू म्हणाले, "तुमी गाडीला ठिबक बसवलं?"

मी बॉनेट लावायला हात वर केला.

"पीक कोणतं घेणार? कापूस?"

मग ते टायरच्या ढिगावर बसले आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. शेजारचा वेल्डर आला, त्याला दाखवलं. समोरचा चहावाला आला, त्याला दाखवलं. हसून झाल्यावर मात्र त्यांनी नळी माझ्यापुढे धरली. गरम इंजिनापाशी ती मेणासारखी वाकली होती. "भोक नसतं तरी हे चढावर चिमटून बंद झालं असतं. भाभींना घेऊन तुमी तिथंच उभे." आता त्यांच्या आवाजात हसू नव्हतं. मला अहमदपूरचा चढ दिसला, दहाचा ठोका दिसला, आणि दुसऱ्या कुणाच्या तरी हातात गुळाची ढेप दिसली. गाडी गेली असती याचं मला त्या क्षणी फारसं काही वाटलं नाही, हे मी खरं सांगतो.

त्यांनी सगळ्या नळ्या काढून खऱ्या बसवल्या. गाडी सुरू केली. शिट्टी नाही. मी तोंड पाडलं.

"थोडी तरी ठेवता आली असती, चाचा."

"शिट्टी पाहिजे तर कुकर घ्या."

माझी नळी त्यांनी भिंतीवरच्या खिळ्याला टांगली. अजून तिथंच आहे. नवं गिऱ्हाईक आलं की आधी तिचं दर्शन घडवतात.

कार्यक्रमाच्या सकाळी सहाला निघालो. बायको मांडीवर घड्याळाचा हात आणि त्यावर दुसरा हात ठेवून बसली होती. चाकूर गेलं. ती म्हणाली, "आवाज कुठं गेला?"

खोटं बोलायला माझ्याकडे दोन-तीन चांगल्या गोष्टी तयार होत्या. पण समोर चढ येत होता, आणि चढाच्या तोंडावर माणूस उगाच खरं बोलतो. मी सगळं सांगितलं. ठिबक, गाठ, लोबान, कापूस. मग तिला असं हसू फुटलं की पदर तोंडात कोंबूनही आवरेना. त्या हसण्यात चढ कधी सुरू झाला आणि कधी संपला, दोघांनाही कळलं नाही. मी काट्याकडे बघितलं तेव्हा आम्ही माथ्यावर होतो आणि ज्या जागेवर कोथिंबिरीचा टेम्पो भेटला होता ती मागे राहिली होती.

कंधारला गेटावर तिन्ही मेव्हणे मोबाइल उगारून उभे होते, शिट्टीचं शूटिंग करायला. कान लावून ते मोठ्या रस्त्याकडे बघत होते. आम्ही मागच्या गल्लीनं आलो आणि त्यांच्या पाठीमागून इतके मुकाट्यानं आत शिरलो की त्यांना पत्ताच लागला नाही. जन्मात मी इतका पडेल प्रवेश केला नसेल. सव्वानऊ झाले होते.

दहाला आबा फेटा बांधून पारड्यात बसले. बायकोनं दोन्ही हातांनी ढेप उचलली, कपाळाला लावली आणि समोरच्या पारड्यात ठेवली. आबांचं पारडं जरासं हललं. तिचा चेहरा मला मागून दिसत नव्हता, आबांचा दिसत होता, आणि तेवढा पुरेसा होता.

गूळ चढत गेला. आबा हवेत तरंगायला लागले तेव्हा त्यांना मी दिसलो. "जावईबापू! शिट्टी कुठाय?"

"आबा," बायको वळूनही न बघता म्हणाली, "ती नांदेडला खिळ्याला टांगलीय."

परतताना तिनं माझ्या हातातून किल्ली घेतली. एक शब्द न बोलण्याचं वचन तिनं लोह्यापर्यंत पाळलं. पुढच्या एका चढाला तिनं पाय दाबला. गाडीनं क्षणभर विचार केला, आणि मग आम्ही दोघंही सीटला चिकटलो.

"अहो," ती म्हणाली, "मागून कोण ढकलून राहिलं हो?"

"धूर," मी म्हणालो.

तिनं पाय सोडला. पुन्हा दाबला. पुन्हा सोडला. माहेरी जत्रेत पाळण्यात बसलेल्या मुलीसारखं तिचं तोंड झालं होतं.

थोड्या वेळानं रस्त्यावरची नजर न हलवता तिनं विचारलं, "तुमच्या त्या यादीत पहिलं काय होतं?"