थीम पार्कच्या गेटवरची पंगत

मोठ्या थीम पार्कला जायचं तर नियोजन लागतं, आणि आमच्या घरात नियोजन म्हणजे मी.

अंबडच्या एका कारखान्यात मी प्लॅनिंगला आहे. कुठला माल कुठल्या मशीनवर कधी चढणार आणि कधी उतरणार, हे मी ठरवतो. तो ठरल्याप्रमाणे आजवर कधीच उतरलेला नाही, पण तो प्रॉडक्शनवाल्यांचा दोष! माझ्या प्लॅनमध्ये खोट काढून दाखवा. त्यामुळे आमच्या मुक्ताच्या उन्हाळी सुट्टीत घाटापलीकडच्या त्या भल्यामोठ्या थीम पार्कला जायचं ठरलं आणि वृषाली, म्हणजे आमची ही, म्हणाली, "एखाद्या टूरवाल्याला विचारू या का?" तेव्हा मला हसूच आलं.

"टूरवाल्याला? अगं, घरात एवढा माणूस बसलाय!"

"बसलाय, तेच म्हणतेय मी."

मुक्ताला त्या पार्कमधलं बाकी काहीच नको होतं. एकच राईड हवी होती. ती सगळ्यात मोठी, जी माणसाला आधी आभाळात नेते, तिथं क्षणभर विचार करायला थांबवते, मग उलटी टांगते. गेल्या वर्षी उंचीच्या पट्टीखाली पोरगी दोन बोटं कमी भरली आणि तिथूनच परत फिरली. नाशिक येईपर्यंत गाडीत खिडकीकडे तोंड करून बसली. मग वर्षभर ती न सांगता दूध प्यायली, दाराच्या चौकटीला लोंबकळली. यंदा निघायच्या आधी तिनं भिंतीशी उभं राहून मला डोक्यावर पट्टी धरायला लावली. भरली! चक्क भरली! तिचा आनंद बघून माझाच ऊर भरून आला.

"बाबा, पण तू माझ्याबरोबर बसायचं हं. प्रॉमिस?"

"एकदम पुढच्या सीटवर!" मी म्हणालो. माझं काय जात होतं? राईड तेव्हा कसारा घाटापलीकडे होती.

मग मी अभ्यासाला लागलो. मोबाइलवर थीम पार्कचे एकूण एक व्हिडिओ पाहिले. त्यात उलट्या टोप्या घातलेले लोक आपल्याला जगावं कसं ते शिकवतात. गेट उघडायच्या आत पोहोचा. शिरल्या शिरल्या सगळ्यात मोठ्या राईडकडे पळा, कारण बाकीचं जग तेव्हा फोटो काढत असतं. बूट घाला. पोट हलकं ठेवा. हे सगळं मी रात्रीच्या जेवणात घरच्यांना समजावलं. मुक्तानं ते पाठ केलं, वृषालीनं जांभई दिली, आणि शांतामावशीनं विचारलं, "पोट हलकं ठेवा म्हंजी? उपाशी मारतो का काय लेकराला?"

शांतामावशी ही माझ्या आईची धाकटी बहीण. निफाडकडे त्यांची द्राक्षबाग आहे. हंगाम संपला की ती आमच्याकडे विसाव्याला येते आणि विसावा सोडून बाकी सगळं करते.

"मावशी, आत सगळं मिळतं गं."

"मिळत आसंल. पर त्याला हात कुनाचा लागला, ते कळतं का?"

पहाटे डिकी उघडली, तर माझी बॅग ठेवायला जागा नाही! दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, मटकीची उसळ, शेंगदाण्याची चटणी, दह्याचं भांडं, आणि पुरणपोळ्यांचा तो अख्खा स्टीलचा डबा, ज्यावर मावशीचं नाव कोरलेलं आहे. माणसं चार!

"मावशी, आपण एका दिवसासाठी चाललोय."

"आन् घाटात गाडी बंद पडली म्हंजी?"

माझ्या गाडीवरचा हा अविश्वास मी गिळला. (पुढे त्या दिवशी मी काय काय गिळलं, ते पाहता ही फक्त चव होती.)

आणि काय सांगू, पोहोचलो की वेळेवर! गेट उघडायला अवकाश होता, रांगेत पुढे मोजकीच माणसं. मी वृषालीकडे फक्त एकदा पाहिलं. कर्तबगार पुरुषाला तेवढं पुरतं. तेवढ्यात बॅगा तपासणारी मुलगी म्हणाली, "सर, बाहेरचं खाणं आत नेता येणार नाही."

"बाहेरचं कुठं? समदं घरचं हाय!" मावशी म्हणाली.

"आजी, घरचंही चालत नाही."

"घरचं चालत नाय?" असं म्हणून मावशीनं त्या मुलीकडे फार कीव आल्यासारखं पाहिलं.

गेल्या वर्षी आम्ही मोकळ्या हातांनी आलो होतो, आणि हा मुद्दा एकाही टोपीवाल्यानं सांगितला नव्हता. म्हणजे, वृषालीच्या मते तिकिटावरच छापलेला होता, पण तिकिटं वाचत बसलं तर माणसानं नियोजन कधी करायचं?

"बाबा, गाडीत ठेवून ये ना पटकन," मुक्ता म्हणाली.

"ह्या उन्हात? दुपारपातूर उसळ आंबून जाईल."

"मग टाकून देऊ या."

मावशीनं डबा छातीशी धरला. "अन्न टाकायचं? आन् मंग खेळायला जायाचं?"

या नाजूक वळणावर गप्प बसायचं सोडून मी तोंड उघडलं. "थांबा! यात अडचण कसली? आत्ताच खाऊन घेऊ. दहा मिनिटांत स्टॉक निल! दुपारी जेवायला थांबायला नको, वेळ उलट वाचेल."

स्वतःच्या पायावर इतक्या आत्मविश्वासानं धोंडा मारून घेतलेला माणूस त्या आवारात दुसरा नसेल.

तिकीट खिडकीच्या बाजूला झाडाखाली चादर पसरली. खाल्लं. आणखी खाल्लं. स्टॉक हलेना. शेजारी धुळ्याचं एक कुटुंब असंच पिशव्यांसकट अडकून बसलं होतं. मावशीला राहवतंय होय! तिनं डब्याचं झाकण भरून पुरणपोळ्या आणि वाटीभर उसळ तिकडे धाडली. मी मनातल्या मनात आकडेमोड केली: चला, तेवढं कमी झालं. पाच मिनिटांत धुळ्याच्या वहिनी झाकण घेऊन हजर, आणि त्यात शेवेचे लाडू!

"अहो, हे कशाला?" वृषालीचा आवाज रडवेला झाला होता.

"रिकामं भांडं कसं परत द्यायचं हो?"

बिनतोड! या कायद्यापुढे भल्याभल्यांचं चालत नाही. मग मावशीनं पलीकडच्या संगमनेरकरांना दशम्या दिल्या, तिकडून साबुदाण्याचे वडे आले. तपासणीवाल्या मुलीलाही वाटीत घालून दोन पुऱ्या दिल्या. (खाणं आत न्यायचं नाही ना? मुलगी गेटबाहेरच उभी होती!) तीसुद्धा बिचारी संस्कारी निघाली. तिनं वाटीत आपल्या डब्यातलं लिंबाचं लोणचं घालून पाठवलं. पाठवला की वाढून परत येणारा माल मी उभ्या नोकरीत पाहिलेला नाही.

"मावशी, बस्स! आता कुणाला काही देऊ नकोस!"

"बरं. मंग हे तू खा. नाय खाल्लं तर त्यांना काय वाटंल? बघायलेत ना तिकडून."

धुळेकर खरंच पाहत होते. मी त्यांच्याकडे बघून हसलो आणि लाडू खाल्ला. संगमनेरकरांकडे वळून वडा खाल्ला.

"बाबा, गेट उघडलं!"

"पाचच मिनिटं, पिल्ला."

"बाबा, त्या बसमधले सगळे लोक आत चालले."

"हो हो, हे एवढं संपवतो."

मग ती बुटांच्या नाड्या घट्ट बांधून, आमच्याकडे पाठ करून, गेटकडे बघत उभी राहिली. आता मात्र मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बापानं अशा वेळी जे करायला हवं ते मी केलं. भराभरा खाऊ लागलो.

अखेर वृषाली उठली. उरलंसुरलं सगळं तिनं मावशीच्या त्या स्टीलच्या डब्यात कोंबलं, धुळेकरांसमोर नेऊन ठेवला आणि म्हणाली, "वहिनी, डबासुद्धा तुम्हालाच! परत आणलात तर माझी शप्पथ आहे!"

"अगं, नाव घातलेला डबा व्हता माझा!" मावशी ओरडली. पण आम्ही तिला दोन्ही बाजूंनी धरून आत नेलं होतं.

आत शिरलो तोवर सूर्य डोक्यावर. टोपीवाल्यांनी सांगितलं होतं तसंच, मोठ्या राईडला सकाळी कुणी नव्हतं. आता सगळा महाराष्ट्र होता. वृषाली पहिल्या बाकावर "मला उठवू नका" एवढं बोलून आडवी झाली. मी, मुक्ता आणि डब्याचं सुतक पाळणारी मावशी रांगेत उभे राहिलो. डोक्यावरून ती राईड किंचाळत जायची, आणि दर वेळी माझ्या पोटातली पुरणपोळी उठून बसायची. लाडू, वडे, लोणचं, सगळे मिळून आत सभा भरवत होते. खरं सांगतो, पोट हे निमित्त. उपाशी असतो तरी मी तितकाच घाबरलो असतो, फक्त सांगायला कारण नसतं.

पट्टी आली. मुक्ता श्वास रोखून खाली उभी राहिली. राईडवरच्या माणसानं वाकून पाहिलं. "बसते. पण एवढ्या उंचीला सोबत मोठं माणूस लागेल. सर, तुम्ही येताय ना?"

मी तोंड उघडलं, आणि मटकीची उसळ आली की काय असं वाटून लगेच मिटलं.

"सर, जेवून किती वेळ झाला?"

"खूप जेवलाय तो," मुक्तानं सांगून टाकलं.

"मुक्ता, आपण असं करू, आधी ती घोड्यांची गोल फिरणारी..."

पोरगी माझ्याकडे बघत राहिली. "तू प्रॉमिस केलं होतंस बाबा. मी वर्षभर थांबले." मागे रांग चुळबुळायला लागली होती, आणि जमीन दुभंगेल तर बरं, असं मला झालं होतं.

"सरक रे संज्या," मावशी म्हणाली. "मी बसते."

"तू? मावशी, तूही आत्ताच जेवलीस!"

"मी कवा जेवले? मी वाढत व्हते! बसनार तेवढ्यात तुझ्या बायकोनं डबाच देऊन टाकला. सकाळधरनं च्याच काय तो पोटात हाय."

राईडवाला चाचरला. "आजी, बीपी, हार्ट, मणका, असं काही?"

"बीपी ह्याला हाय. मला नुसते गुडघे हाईत."

गुडघ्यांना मनाई नव्हती. मावशीनं साडीचा ओचा खोचला, चपला काढून माझ्या एका हातात दिल्या आणि चष्मा माझ्या खिशात घातला. "सैल काही असेल तर काढून ठेवा," राईडवाला म्हणाला. मावशी क्षणभर थांबली, पाठ वळवली, आणि रुमालात गुंडाळून काहीतरी ओलसर माझ्या दुसऱ्या हातात ठेवलं. वरची कवळी!

"नीत धल. पाधशील," असं काहीतरी ती म्हणाली.

मी खाली उभा राहिलो. गाडी वर चढली, थांबली, आणि कोसळली. माझे डोळे मिटले होते, त्यामुळे पुढचं मला ऐकूनच माहीत. शेकडो किंकाळ्यांत एक खणखणीत हसणं होतं, निफाडच्या मळ्यात बांधावरून बांधावर ऐकू जाईल असं. गाडी परतली तेव्हा मुक्ताचे केस उभे होते आणि चेहरा असा काही फुलला होता, की मी मेलो नाही याचा मला पहिल्यांदाच आनंद झाला. मावशीनं आधी कवळी मागून घेतली, बसवली, आणि मग म्हणाली, "पुन्यांदा चल गं."

दुसऱ्यांदा रांग लावली. पुन्हा पट्टी, पुन्हा चपला, चष्मा, रुमाल. मी पुन्हा जागच्या जागी.

नाशिकला आल्यावर कॉलनीतल्या बायकांनी मुक्ताला घेरलं. "एवढ्या मोठ्या राईडमध्ये बसलीस? कुणाबरोबर गं?"

"मावशीआजीबरोबर."

"आणि बाबा?"

मुक्ता गुणी पोरगी आहे, बापाला खाली पाहायला लावणार नाही. तिनं थोडा विचार केला.

"बाबांनी खाली कवळी धरली होती. दोन्ही वेळा. एकदासुद्धा पाडली नाही!"

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. हसू देत. त्या अख्ख्या दिवसात माझ्याकडून ठरल्याप्रमाणे पार पडलेलं तेवढं एकच काम होतं.