दोन पेट्यांतला दादा

धाकटीला दुसऱ्यांच्या चिठ्ठ्या वाचायची भारी हौस. आठवडाभर ती हॉस्पिटलच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करायची आणि रविवारी चर्चमध्ये नको तिथे नाक खुपसायची, तेही फादरांच्या परवानगीने! मायदेशी लढाई पेटल्यापासून परदेशात राहणाऱ्या तिच्या गाववाल्यांनी चर्चच्या दारात प्रार्थनेच्या चिठ्ठ्या टाकायला दोन पेट्या ठेवल्या होत्या. एक जिवंतांसाठी, एक मृतांसाठी. चिठ्ठ्या लावून मिस्सेत, म्हणजे रविवारच्या उपासनेत, नावं वाचायचं काम धाकटीकडे होतं.

कोण देवाकडे काय मागतं, याचं तिला मोठं कुतूहल. एका आजींना ही लढाई म्हणजे आपल्याच पापांची शिक्षा वाटे. सुताराने एकदा लिहिलं होतं, 'देवा, शत्रूला क्षमा कर, पण आधी त्याला पळवून लाव.' धाकटी खुदकन हसली. फादरांनी डोळे वटारले, मग तेही हसले.

तिची स्वतःची चिठ्ठी जिवंतांच्या पेटीत असे. मायदेशी लढाईत अडकलेल्या दादाचा सात आठवडे फोन लागत नव्हता.

आणि त्या रविवारी मृतांच्या पेटीतून दादाचं नाव निघालं. अक्षर ताईचं. धाकटीने चिठ्ठी मुठीत घेतली. ती तडक ताईच्या बाकाशी गेली.

"कधी कळलं तुला? माझ्यापासून लपवलंस?"

"काही कळलं नाही गं, शपथ," ताई म्हणाली. "पण समज, गेला असला तर? आपण नुसतं त्याला सुखरूप ठेव म्हणत बसायचं, आणि त्याच्या आत्म्यासाठी प्रार्थना करणारं कोणीच नाही? तोंडाने सांगायची हिंमत झाली नाही. चिठ्ठी तू वाचतेसच, म्हणून टाकली."

धाकटीला राग आला, पण रागाहून भीती मोठी होती. ताईचं खरं असलं तर?

मिस्सेत तिने जिवंतांच्या यादीत दादाचं नाव खणखणीत घेतलं. मृतांच्या यादीत ते शेवटी ठेवलं होतं. तिथवर आली आणि तिचा आवाजच फुटेना. लोक चुळबुळू लागले. तेव्हा तिसऱ्या बाकावरून ताई उठली आणि तिने ते नाव घेतलं.

"प्रभो, आमची प्रार्थना ऐक," सगळे म्हणाले.

धाकटी मान खाली घालून मनात म्हणाली, देवा, ही एवढी ऐकू नकोस.