खड्डा भरून द्या!

जुन्या लाकडाच्या धंद्यात दोन गोष्टी साचतात, भुसा आणि किस्से. भुसा रोज संध्याकाळी झाडून टाकतो. किस्से मात्र डोक्यात जातात! पाडलेल्या घरांतली दारं, तुळया, हातमाग आणायचे आणि नव्या फ्लॅटवाल्यांना त्याचं फर्निचर करून द्यायचं, हे आमचं सोलापुरातलं काम. गिऱ्हाईक दारात येईपर्यंत फार छान काम आहे.

*

आधी नरसय्यामामांचं सांगतो, कारण माझ्या रागाचं मूळ तिथंच आहे. मामा विणकर. घराच्या जमिनीत खड्डा, त्यात पाय सोडून फळीवर बसायचं आणि माग चालवायचा, असं चाळीस वर्षं चाललं. मामा दवाखान्यात होते तेव्हा मुलानं खड्डा बुजवला आणि वर चकाचक फरशी टाकली. सुटा झालेला माग मामांनी स्वतः टेम्पोत घालून माझ्याकडे आणला.

"सगळं काप," म्हणाले, "पण ह्या फळीला रंधा लावू नको."

सागवानी फळी. बसून बसून मधोमध झिजलेली, चांगली खोलगट. मी शब्द दिला. नुसतं तेल लावून दुकानात पुढं ठेवली.

*

एक मॅडम आल्या. "घरात काहीतरी पर्सनल पाहिजे हो, स्टोरी असलेलं!" मी फळी दाखवली, मामांची गोष्ट सांगितली. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. रुमालानं डोळे पुसून म्हणाल्या, "किती टचिंग! फक्त तो मधला खड्डा भरून द्या."

*

एका साहेबांना जुन्या दाराचं डायनिंग टेबल करून दिलं. दुसऱ्या दिवशी फोन. "अहो, ह्याला भोकं आहेत!"

"दार होतं साहेब, कडी-कोयंडा असणारच की!"

"मग असं करा, ओल्ड लुक ठेवा, पण लाकूड नवीन वापरा."

आमचे सिद्राममिस्त्री मैंदर्गीचे, तीस वर्षं हातात रंधा. त्यांनी दोन दिवस नव्याकोऱ्या फळ्या जुन्या दिसाव्यात म्हणून साखळीनं बडवल्या. तिसऱ्या दिवशी साखळी फेकली आणि माझ्यावरच ओरडले, "अय्यो मालक, लाकूड नीट करायला शिकलो आमी! आन् हितं मारून बिघडवायला लागलोय की!"

ऑर्डर मीच घेतली होती, त्यामुळे जास्तच चिडलो.

*

एका वहिनींना जुनी तुळई पसंत पडली. हळूच विचारलं, "ज्या घरातली आहे, तिथं कुणी वारलं नाही ना?"

"वहिनी, शंभर वर्षांचं घर होतं. सगळेच वारले!"

त्या गेल्या त्या गेल्याच.

*

मग एक इंटिरियर डिझायनर आला. मामांच्या फळीवर टेप ठेवून म्हणाला, "मधला खराब पार्ट कापून टाका, दोन मस्त शेल्फ निघतील." खराब पार्ट! मी त्याची टेप उचलून रस्त्यावर ठेवली आणि त्यालाही तिकडचा रस्ता दाखवला.

सिद्राममिस्त्री म्हणाले, "मालक, अशानं दुकान बंद पडंल."

पडू दे म्हटलं.

*

गेल्या महिन्यात एक तरुण आला. पुण्यात नोकरी, इथं नवा फ्लॅट. "आमचं घराणं विणकरांचं. हॉलमध्ये त्याचा टच पाहिजे, एखादा जुन्या लाकडाचा बाक." फळी बघून खूश झाला, मोबाइलवर चार फोटो काढले. मग बोटानं मधोमध दाबून म्हणाला, "फक्त हा खड्डा..."

माझं डोकंच सटकलं. "भरून मिळणार नाही! घ्यायची तर अशीच घ्या, नाहीतर निघा!"

"अहो, चिडता काय? वडिलांना बसायला पाहिजे. गाडीतच आहेत, त्यांनाच विचारतो."

वडील काठी टेकत आत आले. नरसय्यामामा! मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांनी हातानंच गप्प केलं. फळीवरून एकदा हात फिरवला आणि बसले. बरोब्बर मधोमध बसले.

मुलगा म्हणाला, "पप्पा, तिथं खोल आहे. खड्डा भरून घेऊ का?"

मामांनी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"एक भरलास की," म्हणाले. "ह्यो ऱ्हाऊ दे."