पुन्हा लिहून आणा

इंग्रजी वाक्याचे तुकडे केल्याशिवाय ज्याच्या घशाखाली चहा उतरत नाही, असा माणूस अख्ख्या सोलापूर जिल्ह्यात एकच असेल, आणि तो नेमका माझ्या नशिबी यावा? हे आमचे दाजी, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मंद्रूपकडच्या एका शाळेत छत्तीस वर्षं इंग्रजी शिकवून ते निवृत्त झाले, पण लाल पेन काही निवृत्त झालं नाही. लग्नाची पत्रिका आली की लोक मुहूर्त बघतात, दाजी क्रियापद बघतात. मुख्य वाक्य कुठलं, उपवाक्य कुठलं, क्रियापद सकर्मक की अकर्मक, याचा निकाल लागल्याशिवाय ते लग्नाला निघत नाहीत. चूक सापडली की तिच्याभोवती लाल गोल आणि खाली तीन शब्द: 'पुन्हा लिहून आणा.' माझ्या मुलीच्या पत्रिकेवरही हे तीन शब्द पडले. तोवर सगळ्या पत्रिका वाटून झाल्या होत्या.

माणसांचेही त्यांनी व्याकरणातले असेच प्रकार पाडले आहेत. "तुझी अक्का सकर्मक," असं ते तिच्यासमोरच म्हणतात. "तिच्या क्रियेला कर्म लागतंयच. अन् ते कर्म म्हंजे मी." मला त्यांनी साहाय्यकारी क्रियापदात टाकलंय, कारण माझ्या एकट्याच्यानं काही होत नाही म्हणे. एकदा बसस्टँडबाहेर आम्ही भजी खायला थांबलो. गाड्यावर पाटी होती, 'हॉट भजी अव्हेलेबल'. दाजींनी गाडेवाल्याला विचारलं, "यात क्रियापद कुठं हाय?" तो बिचारा कढईत बघून म्हणाला, "संपलं बगा सर. मिरची भजी हाय, देऊ का?" दाजी त्याला वाक्य म्हणजे काय ते समजावत बसले. भजी गार झाली आणि मी दोघांच्या वाटची खाऊन टाकली.

तर असल्या माणसाला मी कारखान्यात आणून बसवलं, ही माझीच अक्कल. अक्कलकोट रोडला माझा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. माझं इंग्रजी यस, नो आणि थँक्यू एवढंच. गेल्या वर्षी निम्मे माग बंद पडले, कामगार मान खाली घालून बिड्या ओढत बसायचे, आणि अशात जर्मनीच्या एका व्यापाऱ्यानं हॉटेलांसाठी टॉवेल हवेत म्हणून विचारणा केली. ही ऑर्डर हातची गेली तर कारखान्याला कुलूप लागणार होतं. म्हणून मी दाजींना म्हणालो, त्याच्या मेलचं तेवढं तुम्ही बघा. त्यांनी बघितलं.

चार दिवस झाले तरी जर्मनीकडून काही येईना. मी विचारलं, "दाजी, उत्तर धाडलं होतं ना?" "धाडलं की," ते शांतपणे म्हणाले. "लई चुका होत्या. 'जर नमुने या आठवड्यात पाठवता आले' एवढं लिहून गडी मोकळा. आता 'जर' आला, तर 'तर' कुठं हाय? नुसतं उपवाक्य लोंबकळतंय!" त्यांनी मेलचा कागद छापून घेतला होता, त्यावर सात लाल गोल काढले होते, खाली इंग्रजीत 'पुन्हा लिहून आणा' असं लिहिलं होतं, आणि त्याचा फोटो काढून सरळ जर्मनीला पाठवला होता. नमुन्यांबद्दल एक अक्षर नाही.

माझ्या तोंडून जे निघालं त्यात क्रियापदं पुष्कळ होती. शेवटी म्हणालो, "दाजी, हितं बारा घरांच्या चुली या मागांवर पेटत्यात. तुमची शाळा संपली. उद्यापासून येऊ नका." कामगार ऐकत होते. दाजींनी पेनाला टोपण लावलं, चप्पल घातली आणि गेले. मी तेव्हा चिडलो होतो ते बरोबरच होतं, पण ते तसे मुकाट्यानं गेले हे मला आवडलं नाही.

मग मी मुलीला तिच्या सासरी फोन करून माफीचा मेल लिहून घेतला. उत्तर नाही. अक्काचा फोन आला. "जेवत्यात, पण बोलत न्हाईत. सकाळी इंग्रजी पेपर वाचला, पेन काढलंच न्हाई. मला भ्या वाटाय लागलंय."

नवव्या दिवशी उत्तर आलं. मुलीनं फोनवर वाचून दाखवलं आणि मी तिला पुन्हा वाचायला लावलं. त्या व्यापाऱ्यानं आपला जुना मेल सगळाच्या सगळा नव्यानं लिहून पाठवला होता. 'जर'ला 'तर' मिळाला होता. नमुने लगेच पाठवा, असं स्वच्छ लिहिलं होतं. खाली आणखी दोन ओळी होत्या: शाळा सोडून पन्नास वर्षं झाली, तेव्हापासून माझं लिहिणं इतकं लक्ष देऊन कुणी वाचलं नव्हतं. आता बरोबर आहे का, तुमच्या सरांना विचाराल?

कागद छापून घेतला आणि तसाच अक्काच्या घरी गेलो. माफी कशी मागावी ते सुचेना, म्हणून नुसता कागद पुढं केला. दाजींनी तो तीनदा वाचला. मग खिडकीकडं बघत म्हणाले, "छत्तीस वर्षं वह्यांवर लिहीत आलो, पुन्हा लिहून आणा, पुन्हा लिहून आणा. एका पोरानं कधी आणलं न्हाई रे."

त्यांनी पेन काढलं आणि कागदावर मोठी बरोबरची खूण केली. तेवढ्यात नजर एका ओळीवर अडकली, पेन तिथं गेलं, क्षणभर थांबलं आणि परत आलं.

"एक राहिलीय," ते म्हणाले. "ऱ्हाऊ दे. पोरानं एवढं कष्टानं लिहून आणलंय."

ते पोर माझ्याहून दहा वर्षांनी मोठं आहे, हे मी त्यांना सांगितलं नाही.