एक, तीन, चार, दोन

मे १९८३, दुसरा रविवार, सकाळचे सात. जवाहरनगर, आमच्या क्वार्टरसमोरचं अंगण. हजर: मी; आमचे हे; आणि वरठीहून आदल्या दिवशी मोटारसायकलनं मुक्कामाला आलेला धाकटा दीर. गैरहजर: माझी आई. ती तिकडे अड्याळला अंघोळ करून, तपासणीसाठी उपाशीपोटी, ओसरीवर येऊन बसली असणार.

आईचा डावा डोळा कधीच गेला होता. उजव्यात मोतीबिंदू पिकला होता. भंडाऱ्याला डोळ्यांचं शिबिर होतं. नाव बाराच्या आत नोंदवायचं, ऑपरेशन दुसऱ्या दिवशी. एसटीचा विचार मी केलाच नव्हता. मागच्या लग्नसराईत पायरी न दिसून आई एसटीतून पडली होती. म्हणून गाडी. आमची गाडी सेकंडहँड, चार सिलिंडरची, आणि शनिवारी संध्याकाळपासून ती गचके देत होती. मी पाण्याचा कॅन, आईची उशी, चादर, डॉक्टरच्या जुन्या चिठ्ठ्या, डबा असं सगळं सहा वाजताच दारात मांडून ठेवलं होतं. साडेसातला निघायचं होतं.

ह्यांचा जन्म गेला कारखान्यात माल तपासण्यात. तपासल्याशिवाय काही उघडायचं नाही, हा त्यांचा धर्म. त्यांनी इंजिन चालू ठेवलं, हाताला कोरडं फडकं गुंडाळलं आणि प्लगवरच्या वायरी एकेक करून उपसून परत लावल्या. वायर काढल्यावर इंजिनाचा आवाज पडला, तर तो सिलिंडर चांगला. आवाजात फरकच पडला नाही, तर तोच मेलेला. पहिली काढली, इंजिन कण्हलं. दुसरी, तेच. तिसरी काढली आणि इंजिनाला पत्ताही लागला नाही. चौथी काढली, पुन्हा कण्हलं.

"तीन नंबर," हे म्हणाले. इंजिन बंद करून पान्यानं तो प्लग काढला. टोक काळंकुट्ट, तेलानं ओलं. घरात नवे चार प्लग होते. एक बसवायचा, झाकण लावायचं, निघायचं. सव्वासात वाजले होते. मी चपला घातल्या.

तेवढ्यात दीर म्हणाला, "दादा, एकच काहून बदलून राहिला? चारही बदल. नव्या बैलासंगं तीन म्हातारे जुपशील तर गाडा चालंल का?"

"बाकीचे चांगले आहेत," हे म्हणाले.

"आज आहेत. अड्याळच्या रस्त्यात बसले म्हणजे? वहिनीची आई धक्का मारंल का?"

आईचं नाव निघालं आणि ह्यांनी मान डोलावली. मीही अडवलं नाही, हे कबूल करते. हे फीलर गेज आणायला घरात गेले. नव्या प्लगची फट मोजल्याशिवाय ते बसवणार नव्हतेच. बाहेर येईपर्यंत दिरानं उरलेल्या वायरीही उपसल्या होत्या. चारही वायरी करंट वाटणाऱ्या डबीपासून लोंबत होत्या.

"कोणती कुठली?" मी विचारलं.

"अं?" दीर म्हणाला. मोटारसायकलला एकच प्लग, एकच वायर. हा प्रश्न त्याला आयुष्यात पडलेला नव्हता.

इथं मी पुढे झाले. माझ्या घरात मसाल्याच्या डब्यांवरही नंबर असतात. मी वहीचं पान फाडलं, चार चिठ्ठ्या केल्या आणि रात्रीच्या भाताची शितं लावून डबीभोवती ओळीनं वायरींना चिकटवल्या. एक, दोन, तीन, चार. प्लगही पुढून मागे एक, दोन, तीन, चार. नंबराला नंबर. दीर म्हणाला, "वहिनी, तुमी कारखान्यात पाहिजे होता."

हे फट मोजत बसले होते. मी सांगितलं तशा वायरी त्यांनी लावल्या. तपासलं नाही, कारण चिठ्ठ्या माझ्या होत्या.

किल्ली फिरवली तर गाडी शिंकली. मग मागून फटाका फुटावा तसा आवाज झाला आणि समोरच्या क्वार्टरातलं कुत्रं पळालं. पुन्हा किल्ली, पुन्हा फटाका. बॅटरी बसली. हँडल मारून झालं, धक्का मारून झाला. दीर म्हणाला प्लगच खराब निघाले. हे म्हणाले फट बरोबर आहे, पुन्हा मोजतो. आणि चारही प्लग काढून खरंच पुन्हा मोजले! मी घड्याळ पाहिलं. साडेनऊ.

खालच्या ओळीत कारखान्याच्या बसचे एक ड्रायव्हर राहायचे. आवाज ऐकून तेच दात घासत आले. वाकून पाहिलं, चिठ्ठ्या वाचल्या.

"हे नंबर कोणं टाकले?"

"मी," मी म्हणाले.

"अक्षर चांगलं आहे, वहिनी. पण इंजिन का रेशनच्या लायनीत उभं राहते? त्यात ठिणगी पडायचा नंबर एक, तीन, चार, दोन असा लागते." त्यांनी वायरी अदलाबदल केल्या, आम्ही धक्का मारला आणि गाडी अशी गुळगुळीत सुरू झाली, की मला रडू आलं. दहा वाजून गेले होते.

अड्याळला पोचलो तेव्हा आई ओसरीवरच होती, सकाळपासून चहासुद्धा न घेता. भंडाऱ्यात शिबिराच्या मांडवात शिरलो तेव्हा एक वाजला होता. टेबलावरचा माणूस सौम्य होता, त्यामुळे भांडताही येईना. नोंदणी बंद, डॉक्टर तपासायला बसलेले. पुढचं शिबिर हिवाळ्यात.

"माझी चूक झाली," मी आईला म्हणाले. सगळं सांगितलं, चिठ्ठ्यांसकट.

तिनं ऐकून घेतलं आणि आवाजाच्या अंदाजानं ह्यांच्याकडे तोंड केलं. "जावईबुवा, गाडी तं बरी झाली ना? मंग झालं. मले आंधी चहा पाजा."

शिबिरवाल्यांनी एक कागद दिला. पुढच्या वेळी येण्याआधी रक्तातली साखर तपासून हा भरून आणायचा. ही तपासणी भंडाऱ्यातच, सरकारी दवाखान्यात होत होती, पण रविवारी ती खिडकी बंद. उपाशीपोटी आईला पुन्हा एकदा, कामाच्या दिवशी, सकाळी नऊच्या आत आणावं लागणार होतं. ह्यांना सुट्टी कधी, ते ह्यांना माहीत नव्हतं. कागद आईच्या पिशवीत घातला, तिला अड्याळला सोडलं. साखरेची तपासणी तेवढी राहिली.