केशराच्या खोलीतली सीताफळं

आजवर हे मी तोंडातून बाहेर काढलेलं नाही. नवऱ्यापुढं नाही, लेकीपुढं नाही. देवापुढं बसले तरी अर्धंच बोलते — उरलेलं त्याला माहीतच असेल, असं म्हणून उठते. तुम्ही माझे नात्याचे ना गोत्याचे, म्हणून तुमच्यापुढं जमेल असं वाटतंय. बघू.

वाटूरला आमच्या गल्लीत मला फटकळ म्हणतात. कुणाचं भांडण लागलं की बायका म्हणणार, थांबा, मोठ्या जाऊबाई येऊ द्या, खरं काय ते त्या तोंडावर सांगतील. अंगणवाडीत उभा जन्म गेला, गप्प बसायची सवयच नाही. मग त्या दिवशी माझ्या तोंडाला काय झालं होतं? एवढे दिवस विचार करतेय, पण अजून उलगडत नाही.

माझी धाकटी जाऊ अर्चना. पाचेक वर्षांपूर्वी तिनं घरामागच्या खोलीत केशर लावलं. हसू नका — म्हणजे हसा, आम्हीही हसलो होतो. इथं कापूस, सोयाबीन, फार तर मोसंबी. आणि ही म्हणे केशर! पण तिनं आठ दिवस बाहेरगावी राहून शिकून घेतलं, स्वतःच्या पाटल्या मोडल्या, काश्मीरहून कंद मागवले. खोलीला आतून थर्माकोल, फटींना चिकटपट्ट्या, थंड हवेचं मशीन. लाकडी ट्रेमध्ये कांद्यासारखे कंद मांडलेले — माती नाही, खत नाही, नुसती गार, दमट हवा. दार उगीच उघडायचं नाही, आत दुसरं काही ठेवायचं नाही, चप्पल बाहेर. रोज वहीत लिहायची — गारवा किती, ओल किती, आत कोण गेलं. चावी मात्र सैपाकघरातल्या खिळ्याला असायची.

आणि त्याच दिवसांत आमच्या बांधावरच्या सीताफळांचे डोळे उघडले, फळं उतरवायला आली. माझी लेक दिवाळीला येणार होती. सीताफळ म्हणजे तिचा जीव की प्राण. अढी घालावी तर चार दिवसांत सगळी एकदम पिकणार, आणि लेक यायला दोन आठवडे बाकी. मनात आलं, गार खोलीत टिकतील. एक डालं भरलं, सगळ्यात खालच्या फळीमागं, रिकाम्या खोक्यांच्या आड ढकललं, वर पोतं टाकलं. अर्चनाला विचारलं नाही. मोठी जाऊ मी — मी काय धाकटीला विचारून डालं ठेवू?

कंदांना कोंब फुटले, जांभळी टोकं दिसली. अर्चनानं हाताला धरून मला आत नेलं, "अक्का, बघा की!" म्हणाली. मी बघितलं. खोक्यांकडं मात्र बघितलं नाही.

मग एका सकाळी ती तोंड उतरवून बाहेर आली. कळ्या उमलेनात. वेष्टनाच्या आतल्या आत वाळून कागद झालेल्या. कोंब हिरवेगार, कीड नाही, बुरशी नाही, आणि कळी तेवढी मेलेली. हे काय दुखणं? भाऊजी, म्हणजे तिचा नवरा, म्हणाले, मशीनचा दोष. मशीनवाला म्हणाला, बोअरचं पाणी खारं. पाणी बदललं, तरी कळ्या वाळतच राहिल्या. मग कुणी म्हणालं कंदच नासके आले, कुणी म्हणालं उजेड कमी पडला. मीही मागं नव्हते — छातीठोकपणे सांगितलं, उजेड जास्त होतोय! सगळेच चक्रावले होते. अर्चना वही उलटीसुलटी चाळायची आणि आपलंच काही चुकलं का ते शोधायची.

परतूरहून एक जाणकार साहेब बघायला येणार ठरलं. ते यायच्या आदल्या दिवशी मी डालं गुपचूप काढून माळ्यावर नेलं. तोवर मला खरंच काही माहीत नव्हतं. चार माणसं आत शिरतील, डालं सापडेल, धाकटी मला बोलेल — एवढीच लाज होती. निम्मी पिकायला आली होती.

साहेबांनी बॅटरी लावून ट्रे बघितले, कळ्या सोलून बघितल्या. मग विचारलं, "इथं फळं-बिळं ठिवता का कधी?"

अर्चना म्हणाली, "न्हाई." आणि माझ्याकडं बघितलं.

"बिलकुल न्हाई साहेब," मी म्हणाले, "चप्पलसुद्धा भाइर काढतोत आम्ही."

बघा, खोटं बोलले ते बोलले, वर चपलेची साक्ष काढली! तेव्हा साहेब सहज बोलून गेले — पिकणारं फळ हवेत एक वायू सोडतं, उघड्यावर त्याचं काही नाही, पण अशा बंद खोलीत साचला की कळ्या जागच्या जागी मरतात. तेव्हा कुठं मला माझ्या डाल्याचं कळलं. तेव्हा बोलता आलं असतं ना? "थांबा साहेब, माझं एक डालं होतं" — एवढंच तर म्हणायचं होतं. मी त्यांच्यासाठी चहा ठेवायला गेले.

साहेब गेले. सासूबाई — त्यांना आम्ही आत्याबाई म्हणतो — उंबऱ्यावर बसल्या होत्या. म्हणाल्या, "साहेब कशाला पाह्यजे? ही चार दिवसांत बी आत जाती. इटाळाची सावली पडली, करपल्या कळ्या. तुळस न्हाई का सुकत?"

अर्चना हसली. खरंच हसली. "आत्याबाई, कंदाला काय कळतंय?"

तशा आत्याबाई माझ्याकडं वळल्या. "तू पाह्यलंस का हिला आत जाताना?"

"पाह्यलं," मी म्हणाले.

ते खरं होतं. मी शपथेवर सांगू शकले असते, इतकं खरं होतं. म्हणून तर ते माझ्या तोंडून इतकं पटकन निघालं. भाऊजींनी बायकोकडं बघितलं, आणि चावी आत्याबाईंच्या कनवटीला गेली. अर्चनाला खोली बंद झाली.

आता पुढचं ऐका, कारण माझं डोकं तिथंच गरगरतं. आठ-दहा दिवसांनी शेवटच्या दोन ट्रेमधल्या उशिराच्या कळ्या उमलल्या. जांभळ्या, टवटवीत. सगळं घर बघायला लोटलं. डालं बाहेर गेलं आणि अर्चना बाहेर गेली — एकाच वेळी. त्यातली एक गोष्ट साऱ्या घराला माहीत होती, दुसरी फक्त मला. तेव्हा सांगा, कारण कोणतं ठरणार? अर्चना मागच्या पडवीत वही उघडी टाकून बसली होती. मी गेले तर म्हणाली, "अक्का, म्या जायचं बंद केलं अन् फुलं आली. तारखा बराबर जुळायल्यात." लिहून ठेवणारी, पडताळून बघणारी पोर ती. तिनं पडताळूनच मान्य केलं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला — समजूत घालायला! त्या हाताची मला किळस येते.

पुढच्या वर्षी तिनं कंद मागवले नाहीत. भाऊजी म्हणाले, आत्याबाईसुद्धा म्हणाल्या, लाव की, फक्त पाळ. ती नको म्हणाली. त्या खोलीत आता सोयाबीनची पोती असतात.

गेल्या महिन्यात तिची लेक तनु पहिल्यांदा बाजूला बसली. आत्याबाई आता अंथरुणाला खिळलेल्या, त्यांना कशाचं भान नाही. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी बघणारंही नव्हतं. अर्चनानं स्वतः पडवीत वेगळी सतरंजी टाकली, वेगळं ताट काढलं. तुळशीला शिवू नको, लोणच्याच्या बरणीकडं जाऊ नको. पोरगी शाळेत शिकलेलं बोलायला लागली, तर अर्चना म्हणाली, "माझ्या हातानं झालंय, बाई. म्या डोळ्यानं पाह्यलंय."

तनुनं माझ्याकडं बघितलं. "मोठ्याई, खरंय का हे?"

दारात मी होते, ती होती आणि तिची आई होती.

"आई म्हणती तसं कर," मी म्हणाले.