परातीतली यम्माची बाजू

मबारका आता आमच्या गावच्या दवाखान्यात औषधं देते. खिडकीतून गोळ्यांची पुडी पुढे करताना ती प्रत्येकाला एकच विचारते, "जेवलात का?" लोक हसतात. हा प्रश्न तिच्या तोंडी कुठून आला हे ज्यांना ठाऊक आहे, ते हसत नाहीत.

तिमिमूनकडच्या आमच्या वाळूतल्या गावांत सगळं घर एकाच लाकडी परातीतून जेवतं. परातीभोवती ज्याची त्याची जागा ठरलेली. आपल्या पुढ्यातलं खायचं, दुसऱ्याच्या बाजूला बोट न्यायचं नाही. मटण कुस्कुसच्या, वाफवलेल्या जाड रव्याच्या, ढिगात मधोमध पुरलेलं असतं. पोटं भरत आली की घरातली थोरली बाई ते बाहेर काढते, हातानं तोडते आणि एकेक तुकडा ज्याच्या त्याच्या पुढ्यात सरकवते. तोवर त्याला कुणी शिवत नाही. वाढणाऱ्या हातातून आला तोच आपला घास, बाकीचा अल्लाहनं दुसऱ्या कुणाच्या नावे लिहिलेला.

मबारकाच्या घरी हा हात यम्माचा, तिच्या आईचा होता. अंगठ्याच्या मुळाशी भाजल्याचा डाग असलेला. यम्मा दाराकडे पाठ करून बसायची आणि मबारका तिच्या बरोबर समोर.

शाळेची शेवटची परीक्षा पास झाल्याचं कळलं त्या शुक्रवारी यम्मा जेवताना म्हणाली, "आता तू वहरानला, मोठ्या शहरात जायचंस. औषधांचं शिकायचंस. आपल्याकडे ताप आला की माणूस गाडीची वाट बघत मरतं."

"मला नाही जायचं," मबारका म्हणाली. "घरात जड झालेय का तुला? हाकलून द्यायला निघालीस?"

यम्मानं ढिगातून मटण काढलं, सगळ्यांत मऊ तुकडा तोडला आणि लेकीपुढे सरकवला. मबारकानं तो बोटाच्या टोकानं परत ढकलला. परातीवरचे सगळे थांबले. भाऊ सालेम म्हणाला, "अगं ए, वेड लागलं का तुला?" यम्मा मात्र हसली. "असू दे रे. तो तिचाच आहे. खाईल तेव्हा खाईल. कुणी नेत नाही."

मंगळवारी यम्माला ताप भरला. गुरुवारी दुपारी, शहरात न्यायला गाडी येण्याची वाट बघत, ती ओट्यावरच गेली. अल्लाह तिच्यावर रहम करो.

पुढचे दोन महिने त्या घरात परात मांडली जायची ती बघवत नसे. बा, सालेम आणि मबारका आपापल्या बाजूनं खात. यम्माच्या बाजूचा कुस्कुस तसाच कड्यासारखा उभा राही. तो पसरून टाका असं कुणी म्हणत नव्हतं आणि मधल्या मटणाला कुणी हात घालत नव्हतं. बा ते उचलून मशिदीच्या दारी देऊन येत.

यम्माचा शब्द म्हणून मबारका वहरानला गेली, ती हे सगळं पोटात घेऊन.

वसतिगृहाच्या खानावळीत प्रत्येकीला एक स्टीलचं ताट मिळे. त्यात चार खण. एकात मसूर, एकात बटाटे, एकात कोंबडीची तंगडी, एकात संत्र्याच्या फोडी. कुठल्याच पदार्थाचा दुसऱ्याला स्पर्श नाही. मबारकाला ते ताट पहिल्याच दिवशी कबरस्तानासारखं वाटलं. चारशे मुली चारशे ताटांवर वाकलेल्या, आणि बिस्मिल्ला जिचं तिच्या ओठांत.

तिनं बिस्मिल्ला म्हटलं आणि जेवायला लागली. प्रत्येक खणातलं तिनं आपल्याकडचं अर्धं खाल्लं आणि पलीकडचं अर्धं ठेवलं. तंगडीला हात लावला नाही. आपण काही वेगळं करतोय हे तिच्या ध्यानातही आलं नाही. पलीकडची बाजू आपली नसतेच, आणि मटण कुणी दिल्याशिवाय घ्यायचं नसतं.

खोलीतली सोबतीण वहीबा सतीफ शहराची, तोंडाची फटकळ. आठवड्याभरानं तिनं विचारलं, "कुणासाठी ठेवतेस गं ते?"

"काय?"

"अर्धं ताट! सुरीनं कापल्यासारखी रेघ असते मसुरात. पलीकडे कोण जेवतं तुझ्या?"

मबारकानं ताटाकडे पाहिलं. मसुराचा कडा उभा होता. स्टीलच्या चकचकीत काठावर काहीतरी हललं, बोटांसारखं. तिनं ताट गोल फिरवून बघितलं. तिचेच हात होते. पण त्या दिवसापासून जेवायला वाकलं की समोर कुणीतरी दाराकडे पाठ करून बसलंय असं तिला वाटे. मान वर केली की बाक रिकामा. ताटातली तंगडी मात्र तिथेच, आणि कानात तेच हसतं बोलणं. तो तिचाच आहे. कुणी नेत नाही.

तिनं शहाण्यासारखं ठरवलंही, की आज उचलायचीच. हात पुढे केला आणि बोटाच्या टोकानं तंगडी मागे ढकलली गेली. तिच्याच हातानं, अगदी त्या शुक्रवारसारखी.

मग बोलणी सुरू झाली. "वाळवंटातली पोरगी भुताला, जिन्नाला भरवते." तिच्या समोर बसायला मुली कचरू लागल्या. बाक खरंच रिकामा राहू लागला, त्यानं आणखीच भर पडली. वहीबानं एकदा तंगडी उचलून तिच्या तोंडाशी नेली. "खा गं बये, नाहीतर मी खाते आणि जिन्नाला सांगते माझं नाव!" मबारका हसली आणि तोंड फिरवलं.

हिवाळ्याच्या तोंडी ती प्रयोगशाळेत चक्कर येऊन पडली. वसतिगृहाच्या डॉक्टरीणबाईंनी नाडी बघितली, मनगट बघितलं आणि घरी फोन लावला. फोनवर सालेम आला. "बा रविवारी येतायत तुला न्यायला. पुरे झालं शिक्षण. इथं परातीवर बसायला बाई नाही." आमच्याकडे घरी परत आलेली मुलगी पुन्हा शहरात जात नाही, हे मबारकाला सांगायला नको होतं. यम्माचा शब्दही जाणार होता आणि तुकडाही तसाच राहणार होता.

बा यायच्या आधीच्या शुक्रवारी दुपारी ती खानावळीत ताट परत ठेवायला गेली. खिडकीआड भांडी घेणारी खालती झुलीखा, खालती म्हणजे मावशी, सगळ्यांची मावशी होती. तिनं ताट पाहिलं, मग मबारकाला पाहिलं.

"तूच होय ती. दोन महिने तुझी ताटं ओळखते मी. कुस्कुसही अर्धाच? अगं, पोरी टाकतात तेव्हा चिवडून टाकतात. तू तर वाटणी करून ठेवतेस." ती थांबली. "तुमच्याकडे मटण कोण तोडायचं?"

मबारकानं ताटाची कड घट्ट धरली.

"कधी गेली?"

"उन्हाळ्यात."

"आत ये."

मुली जेवून गेल्यावर स्वयंपाकघरातल्या बाया जेवत, जमिनीवर, एका मोठ्या पातेल्याभोवती. चौघी होत्या. सरकून त्यांनी पाचवीला जागा दिली. कुणी काही विचारलं नाही. एकीनं फक्त चिमटा काढला, "हळू बस गं, वाऱ्यानं उडशील." मबारका आपल्या बाजूचं खाऊ लागली, आणि कितीतरी दिवसांनी बोटांना दुसऱ्या बोटांची ऊब लागली. समोर झुलीखा होती. तिच्यामागे दार. दारातून येणाऱ्या उजेडात तिचं तोंड दिसत नव्हतं.

झुलीखानं ढिगात हात घातला. मटण काढलं, तोडलं. बायांना दिलं. शेवटचा मऊ तुकडा मबारकापुढे आला. तो हातही भाजलेला होता. स्वयंपाकघरातले सगळेच हात भाजलेले असतात, हे तिला कळत होतं. तरी अंगावर काटा आला. तिचं बोट पुढे झालं, तुकडा ढकलायला.

"ढकलू नकोस," झुलीखा हळू म्हणाली. "देणारी उपाशी राहते."

"मी ढकलला होता, खालती. तिचा शेवटचा. ती अजून समोर बसते. वाट बघते."

"मेलेल्यांना भूक नसते, बाळा. ती अल्लाहकडे आहे. ताटाशी काय करेल? वाट बघत असेल तर तुझ्या दुआची. बिस्मिल्ला म्हण, तिच्यासाठी रहम माग आणि खा."

मबारकानं खाल्लं. रडत, हुंदके देत, मिठापेक्षा अश्रूच जास्त असे ते मटण तिनं संपवलं. बाया आपल्या जेवत राहिल्या, कुणी बघितलं नाही.

रविवारी बा आले. खांद्यावर खजुराची गोणी, डोळे खोल गेलेले. झुलीखानं वाडगंभर कुस्कुस आणि मटण दिलं. वसतिगृहाच्या फाटकाजवळ झाडाखाली बापलेक जेवायला बसले. बा आपल्या बाजूचं खात होते, मध्ये हात नेत नव्हते. मबारकानं मटण बाहेर काढलं. तुकडे वेडेवाकडे तुटले. त्यातला मऊ तुकडा तिनं बांपुढे सरकवला.

बांनी तो बघितला. बोटाच्या टोकानं परत ढकलला. "नको गं. यम्मा गेल्यापासून नाही जात."

"तो तुमचाच आहे, बा," मबारका म्हणाली. "खाल तेव्हा खा. कुणी नेत नाही."

बांनी मान वर करून तिच्याकडे नाही, तिच्या मागे पाहिलं, कोणी उभं असावं तसं. खूप वेळ. मग तुकडा उचलला.

"सामान बांधलंय?" त्यांनी जेवण झाल्यावर विचारलं.

"नाही."

"बरं केलंस," ते म्हणाले. संध्याकाळच्या गाडीनं ते एकटेच परत गेले. गोणी तिच्याजवळ ठेवून.

शिकून ती गावातच आली. दवाखाना तिनं यम्माच्या शब्दाखातर मागून घेतला असं लोक म्हणतात. तिच्या घरी शुक्रवारी मी कितीदा जेवले आहे. दाराकडची बाजू ती अजून मोकळी ठेवते, आणि जेवणं झाली की ती बाजू उचलून यम्माच्या नावानं मशिदीच्या दारी पाठवते. दान आहे, त्यात काही वावगं नाही.

फक्त एकदा, ते काढून घेताना, त्या उभ्या कड्यात मला तीन बोटांनी घास उचलल्यासारखा खळगा दिसला. आम्ही दोघीच होतो, आणि आमचे हात तिथवर गेले नव्हते. मबारकानंही तो पाहिला. तिनं वर कापड टाकलं. जे दिसत नाही त्याचं ज्ञान अल्लाहला.